शरद संपात : १९७४ चे नाव आणि एल्युसिसचे कणीस

१/ दरवर्षी २२ किंवा २३ सप्टेंबरला सूर्य खगोलीय विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे उतरतो. दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे होतात. या दिवशी युरोप-अमेरिकेतील नवपेगन पंथांचे अनुयायी ‘मॅबन’ नावाचा सण साजरा करतात. सफरचंदे, द्राक्षे, धान्याची कणसे मांडली जातात, हाती आलेल्या पिकाबद्दल कृतज्ञता व्यक्त होते आणि येणाऱ्या अंधाराला सामोरे जाण्याची मनाची तयारी केली जाते. हा सण हजारो वर्षांचा असल्याचे वारंवार सांगितले जाते. प्रत्यक्षात त्याचे हे नाव १९७४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात ठेवले गेले.

२/ मग प्राचीन पेगन जगात शरद संपाताला काही आध्यात्मिक अर्थ नव्हताच का? होता, आणि तो लेखी स्वरूपात शिल्लकही आहे. त्याचा उगम अथेन्सजवळच्या एका गावात, लेक हरवलेल्या एका आईच्या कथेत आणि जमिनीत जाणाऱ्या बियाण्यात सापडतो. नव्या नावाची जन्मकथा आणि जुन्या अर्थाचा मागोवा, असा हा दुहेरी धागा.

३/ प्रथम ‘पेगन’ या शब्दाविषयी. लॅटिनमधील ‘पागानुस’ म्हणजे गावाकडचा माणूस. रोमन साम्राज्य ख्रिस्ती होऊ लागले तेव्हा, चौथ्या शतकात, जुन्या देवतांना भजणाऱ्या सर्वांना ख्रिस्ती लेखक हा शब्द लावू लागले. ग्रीक, केल्ट, जर्मन, इजिप्शियन, सगळे एकाच नावाखाली आले. या लोकांचा धर्म एक नव्हता आणि पंचांगही एक नव्हते. त्यामुळे ‘पेगन परंपरेत या दिवसाचा अर्थ काय’ असे विचारताना कोणते लोक आणि कोणता काळ, हे आधी ठरवावे लागते.

४/ आजच्या नवपेगन पंथांचे वर्ष आठ सणांचे असते. त्याला ‘वर्षचक्र’ म्हणतात. दोन अयनदिन, दोन संपात आणि त्यांच्या मधले चार सण : सावन, इम्बोल्क, बेल्टेन आणि लुनासा. हे मधले चार सण आयर्लंडच्या मध्ययुगीन साहित्यात खरोखरच आढळतात. मात्र आठही सण एकत्र पाळणारा एकही प्राचीन समाज ज्ञात नाही. ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी ‘द स्टेशन्स ऑफ द सन’ (१९९६) या ग्रंथात ब्रिटनमधील सणांचा इतिहास साधार मांडला आणि अशा अनेक समजुतींची छाननी केली.

५/ हे चक्र जुळले ते विसाव्या शतकाच्या मध्यात, इंग्लंडमध्ये. १९५१ मध्ये तेथील जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर या निवृत्त वसाहती अधिकाऱ्याने ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ‘विका’ या पंथाचा प्रसार त्यातून झाला. गार्डनरच्या मंडळींचे मुख्य सण आरंभी चारच होते. अयनदिन आणि संपात यांनाही तोच मान मिळाला तो १९५८ च्या सुमारास, त्याच्याच मंडळातील सदस्यांच्या आग्रहावरून. गार्डनरचा मित्र रॉस निकल्स नवड्रुइड पंथात होता. तिकडेही हेच आठ सणांचे वर्ष रूढ झाले.

६/ तरीही शरद संपाताला नाव नव्हते. तो नुसताच ‘शरद संपात’ होता. १९७४ च्या सुमारास एडन केली हा कॅलिफोर्नियातील कवी आणि धर्माभ्यासक पेगन सणांचे पंचांग तयार करीत होता. इतर सणांना जुनी, भारदस्त नावे होती. उन्हाळी अयनदिन आणि शरद संपात मात्र कोरडे वाटत होते. अयनदिनासाठी त्याने ‘लिथा’ हा शब्द बीड या आठव्या शतकातील इंग्रज संन्याशाच्या ग्रंथातून उचलला. संपातासाठी त्याला ग्रीक देवी पर्सेफनीची कथा आठवत होती. तिच्यासारखी एखादी केल्टिक कथा मिळते का, याचा तो शोध घेऊ लागला.

७/ मध्ययुगीन वेल्श कथांमध्ये त्याला मॅबन सापडला. मॅबन हा मोड्रनचा मुलगा. जन्मानंतर तिसऱ्या रात्री त्याला आईच्या कुशीतून कोणी पळवून नेले. राजा आर्थरची माणसे त्याचा ठाव विचारत फिरतात. कोकिळेसारखा काळा ब्लॅकबर्ड, मग सांबर, मग घुबड, मग गरुड, शेवटी साल्मन मासा. प्रत्येक प्राणी आधीच्याहून वयस्क आणि प्रत्येकाची स्मृती आणखी मागे जाणारी. अखेर माशाला ठाऊक असते : ग्लॉस्टरच्या तुरुंगातून एका कैद्याचा विलाप ऐकू येतो. तो मॅबन.

८/ कथा सुंदर आहे आणि तिची मुळेही जुनी आहेत. मॅबन म्हणजे रोमन काळात उत्तर ब्रिटनमध्ये पुजला जाणारा ‘मापोनोस’, म्हणजे ‘थोर पुत्र’. हेड्रियनच्या भिंतीच्या परिसरातील शिलालेखांत त्याचे नाव अपोलोच्या जोडीने येते. मोड्रन म्हणजे ‘मात्रोना’, माता. फ्रान्समधील मार्न नदीचे नाव याच देवीवरून आले. पण या कथेत किंवा शिलालेखांत शरद संपाताचा उल्लेख कोठेही नाही. आईपासून तुटलेले मूल, एवढाच धागा पकडून केलीने त्याला या दिवशी बसवले. ‘ग्रीन एग’ या पेगन नियतकालिकाने हे नाव उचलले आणि दोन-तीन दशकांत ते जगभर पसरले.

९/ केलीने हे लपवले नाही. नावे आपण कशी निवडली, हे त्याने पुढे स्वतःच लिहिले. प्राचीनतेचा दावा नंतरच्या सांगणाऱ्यांनी चिकटवला. या दाव्याने नुकसान दोन बाजूंनी होते. एका आधुनिक माणसाने केलेला शोध आणि त्यामागची ओढ झाकली जाते. शिवाय तो ज्या जुन्या गोष्टीची प्रतिध्वनी शोधत होता, ती मूळ गोष्टही विस्मरणात जाते.

१०/ उत्तर युरोपात या काळात काहीच होत नव्हते, असेही नाही. बीडने ७२५ मध्ये लिहिलेल्या ‘कालगणने’च्या ग्रंथात पेगन अँग्लो-सॅक्सन लोकांच्या महिन्यांची नावे दिली आहेत. सप्टेंबरला ते ‘हालेगमोनाथ’ म्हणत, म्हणजे पवित्र विधींचा महिना. ते विधी कोणते, कोणत्या देवतेचे, कोणत्या दिवशी, यांविषयी बीडने एक अक्षर लिहिले नाही. एका संपूर्ण लोकसमूहाच्या शरद ऋतूतील श्रद्धेचे एवढेच नाव उरले आहे. भरभरून पुरावा हवा तर दक्षिणेकडे, ग्रीसमध्ये जावे लागते.

११/ अथेन्सच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर, समुद्राकाठी एल्युसिस हे गाव आहे. तेथे धान्याची देवी डीमीटर आणि तिची कन्या पर्सेफनी (तिला नुसतेच ‘कोरे’, म्हणजे ‘मुलगी’, असेही म्हणत) यांचे गुप्त विधी होत. त्यांना ‘महारहस्ये’ म्हणत. काळ होता बोएड्रोमियन महिन्याचा, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर. हा महिना चंद्रावर चालणारा असल्याने तिथी संपाताच्या अलीकडे-पलीकडे सरके. हजार वर्षांच्या आसपास हा क्रम चालला.

१२/ या विधींमागची कथा ‘डीमीटरच्या स्तोत्रा’त आहे. इ. स. पू. सातव्या-सहाव्या शतकातील हे काव्य दीर्घकाळ हरवलेले होते. त्याची एकमेव हस्तलिखित प्रत १७७७ मध्ये मॉस्कोत सापडली. कुरणात फुले वेचणाऱ्या पर्सेफनीला पाताळाचा राजा हेडिस उचलून नेतो. या हरणाला तिच्या बापाची, झ्यूसची, संमती असते. आईला मात्र कोणीच काही सांगत नाही. फक्त लेकीची किंकाळी तिच्या कानी पडते.

१३/ नऊ दिवस डीमीटर हातात मशाली घेऊन अन्नपाण्यावाचून भटकते. म्हातारीच्या वेशात ती एल्युसिसला येऊन विहिरीपाशी बसते. राजघराण्यात दाई म्हणून राहते आणि तिथल्या बाळाला अमर करण्यासाठी रात्री निखाऱ्यांत ठेवू लागते. बाळाची आई ते पाहून किंचाळते आणि तो प्रयत्न मोडतो. मृत्यू टळण्याची संधी अशी माणसाच्या हातून निसटते. या प्रसंगानंतरच देवी आपले खरे रूप प्रकट करते आणि स्वतःसाठी मंदिर मागते. पुढे माणसांना जे मिळते ते अमरत्वाहून वेगळे असते.

१४/ मंदिरात बसलेली डीमीटर रागाने बीज रोखून धरते. बैल नांगर ओढतात, जव पेरले जातात, पण काहीच उगवत नाही. माणसे उपासमारीच्या काठावर येतात. माणसे मेली तर देवांना हविर्भाग कोण देणार? झ्यूसला नमावे लागते. पर्सेफनी परत येते. मात्र पाताळात तिने डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो. म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिने खाली काढायचा आणि उरलेला आईजवळ. मग डीमीटर शेते पुन्हा फुलवते आणि एल्युसिसच्या प्रमुखांना आपले विधी शिकवते.

१५/ येथे एक कृषिविषयक बाब समजून घ्यावी लागते, अन्यथा सगळा अर्थ उलटा लागतो. उत्तर युरोपात सप्टेंबर म्हणजे कापणीचा शेवट. पुढे हिवाळा आणि मरगळ. ग्रीसमध्ये गहू आणि जव मे-जूनमध्ये कापले जातात. त्यानंतरचा कडक, पावसावाचूनचा उन्हाळा हाच तेथे ओसाड काळ. शरद ऋतूत पहिला पाऊस पडतो, नांगर चालतो आणि पेरणी सुरू होते. महाराष्ट्रातील रब्बीच्या शेतकऱ्याला हे चक्र समजावून सांगावे लागणार नाही.

१६/ स्वीडिश विद्वान मार्टिन निल्सन यांनी यावरून मांडले की, पर्सेफनीचे पाताळात असणे म्हणजे उन्हाळ्याच्या चार महिन्यांत जमिनीखालच्या कोठारात ठेवलेले बियाणे. ती परतते ती शरदात, पेरणीसाठी कोठार उघडल्यावर. स्तोत्रात तिचे परतणे वसंतातील फुलांशी जोडलेले आहे, त्यामुळे हे मत सर्वांना मान्य झाले नाही. एक गोष्ट मात्र दोन्ही वाचनांत राहते : महारहस्ये साजरी होत ती पेरणीच्या तोंडावर. जमिनीत जाणे हे त्या शेतकऱ्यांसाठी वर्षाच्या कामाची सुरुवात होती.

१७/ विधींचा क्रम बराचसा ज्ञात आहे. १४ बोएड्रोमियनला एल्युसिसहून पवित्र वस्तू झाकलेल्या करंड्यांतून अथेन्सला येत. दुसऱ्या दिवशी दीक्षार्थी जमत आणि घोषणा होई : ज्याच्या हाताला मनुष्यवधाचे रक्त लागले आहे किंवा ज्याला ग्रीक भाषा समजत नाही, त्याने दूर राहावे. एवढीच अट. स्त्रिया, परगावचे लोक, गुलाम, सर्वांना दार उघडे होते. नागरिकत्वाबाबत अतिशय काटेकोर असलेल्या अथेन्समध्ये ही विलक्षण गोष्ट होती.

१८/ १६ तारखेला सारे दीक्षार्थी समुद्रावर जात आणि बळी द्यायच्या डुकराच्या पिलासह स्नान करीत. पुढे १९-२० च्या सुमारास ‘पवित्र मार्गा’ने एल्युसिसकडे मिरवणूक निघे. ‘इआक्खे’ असा जयघोष चाले. वाटेतल्या पुलावर मान्यवरांची चेष्टा करण्याची प्रथा होती. त्या दिवशी मोठ्या माणसांनाही टोमणे निमूटपणे ऐकावे लागत. अंधार पडल्यावर मशालींच्या उजेडात हजारोंचा हा समुदाय एल्युसिसला पोचे. उपवास सुटे तो जव, पाणी आणि पुदिन्याच्या जातीची एक वनस्पती यांच्या पेयाने. शोकातील डीमीटरने हेच पेय घेतले होते.

१९/ इ. स. पू. ४८० मध्ये इराणी फौजांनी अॅटिका उद्ध्वस्त केली. अथेन्स रिकामे झाले होते. हेरोडोटस सांगतो, त्या ओसाड प्रदेशातून तीस हजार माणसे चालत असावीत अशी धूळ एल्युसिसच्या बाजूने उठली आणि तिच्यातून ‘इआक्खे’चा घोष ऐकू आला. ती पाहणाऱ्या निर्वासित अथेनियनाने ओळखले की, माणसे नसली तरी मिरवणूक निघाली आहे. लवकरच सालामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा पराभव झाला. कथेची सत्यता बाजूला ठेवली, तरी शरदातील ही मिरवणूक चुकूच शकत नाही, ही अथेनियन मनाची खात्री तिच्यात दिसते.

२०/ मंदिरात नेमके काय घडे? ‘तेलेस्तेरिओन’ हे ४२ खांबांचे प्रचंड दालन. तेथे काही केले जाई, काही बोलले जाई, काही दाखवले जाई. बाहेर वाच्यता केल्यास देहान्त शिक्षा. इ. स. पू. ४१५ मध्ये अल्किबायडीस या बड्या सेनानीवर घरी बसून या विधींची नक्कल केल्याचा आरोप झाला आणि त्याच्या गैरहजेरीत त्याला मृत्युदंड ठोठावण्यात आला. लक्षावधी माणसांनी दीक्षा घेतली असावी. तरी हे गुपित इतके पाळले गेले की, त्या रात्रीचे सलग वर्णन एकाही दीक्षिताने मागे ठेवले नाही.

२१/ एकच ओळख शत्रूच्या लेखणीतून आली आहे. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक हिप्पोलिटस पाखंडांचे खंडन करताना म्हणतो की, एल्युसिसमधील सर्वोच्च आणि परिपूर्ण रहस्य म्हणून दाखवली जाणारी वस्तू म्हणजे शांततेत कापलेले एक कणीस. त्याच्या मते हे हास्यास्पद होते. पण नऊ दिवसांची शुद्धी, उपवास, चालणे, अंधार आणि भय यांतून गेलेल्या माणसापुढे, पेरणीच्या आदल्या दिवसांत, प्रखर उजेडात एक कणीस धरले जाते, असे चित्र डोळ्यांपुढे आणले तर हसू येत नाही.

२२/ दीक्षितांना यातून काय मिळे, हे रोमन वक्ता सिसेरोने सांगितले आहे. तो स्वतः दीक्षित होता. अथेन्सने जगाला दिलेल्या देणग्यांत या रहस्यांहून थोर काही नाही, असे त्याचे मत. त्यांनी माणसाला आनंदाने जगण्याचे आणि अधिक चांगल्या आशेने मरण्याचे कारण दिले, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. मृत्यू टळेल असे आश्वासन एल्युसिसने दिले नव्हते. निखाऱ्यांतल्या बाळाची कथा तेच बजावत होती. मृत्यूकडे पाहण्याची नजर बदलणे, एवढेच तिथे घडत होते.

२३/ या विधींशी भारताचाही एक खरा संबंध आहे. इ. स. पू. २० च्या सुमारास सम्राट ऑगस्टसकडे भारतातून एक शिष्टमंडळ गेले. त्यात एक श्रमण होता. ग्रीक लेखकांनी त्याचे नाव झार्मानोखेगास किंवा झार्मारोस असे दिले आहे. इतिहासकार कॅशियस डिओ लिहितो की, सम्राटासाठी ठरलेल्या काळाबाहेर रहस्यविधी करण्यात आले, त्यांत या भारतीयाने दीक्षा घेतली आणि नंतर अथेन्समध्ये जिवंतपणी अग्निप्रवेश केला. भूगोलकार स्ट्राबो त्याच्या समाधीवरील लेखाच्या आधारे त्याचे गाव ‘बार्गोसा’ असल्याचे सांगतो. ते बहुधा भडोच. पैठण आणि तेर येथील माल ज्या बंदरातून परदेशी जाई तेच हे बंदर.

२४/ आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टींत अर्थ हा कथेचा, बियाण्याचा आणि मृत्यूचा आहे. संपात या खगोलीय घटनेला स्पष्ट शब्दांत अर्थ दिला गेला तो अगदी शेवटी. चौथ्या शतकात सम्राट जुलियनने ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांची उपासना पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला. अथेन्समध्ये शिकत असताना तो एल्युसिसच्या मुख्य पुरोहिताकडे गेला होता. ३६२ मध्ये त्याने ‘देवमाते’वर एक प्रवचन लिहिले. त्यात त्याने विचारले : लहान रहस्ये सूर्य मेष राशीत असताना आणि महारहस्ये सूर्य तुळा राशीत असताना का होतात?

२५/ त्याने दिलेले उत्तर असे. वसंत संपाताला सूर्यदेव जवळ येत असतो. तो आत्म्याच्या वर ओढले जाण्याचा काळ. शरद संपाताला तो दूर जाऊ लागतो. प्रकाश मागे सरत असताना अंधाराच्या सत्तेने माणसाला ग्रासू नये, म्हणून त्याच वेळी अधिक कठोर शुद्धी आणि अधिक मोठे विधी हवेत. देव जवळ असताना थोडे पुरते. तो दुरावू लागला की जास्त लागते.

२६/ जुलियनच्या वर्तुळातील सॅलुस्टियस याने देवांविषयी आणि विश्वाविषयी एक छोटी पुस्तिका लिहिली. पुराणकथा एकदा घडून गेलेल्या घटनांच्या नसतात, सदैव असणाऱ्या सत्यांच्या असतात, ही त्याची भूमिका. कोरेचे हरण शरद संपाताच्या सुमारास झाले असे मानतात, कारण ते आत्म्याचे खाली उतरणे आहे, असे तो नोंदवतो. ‘पेगन परंपरेतील शरद संपाताचा आध्यात्मिक अर्थ’ याला प्राचीन आधार हवा असेल तर तो या दोन लेखकांत मिळतो : प्रकाशाचे दूर जाणे आणि आत्म्याचे उतरणे.

२७/ हे लिहिले गेले तो काळ महत्त्वाचा आहे. एल्युसिसच्या शेतकऱ्याला संपाताचे तत्त्वज्ञान लागत नव्हते. त्याच्यापुढे ढग आणि नांगर होते. जुलियन आणि सॅलुस्टियस यांच्या डोळ्यांपुढे मंदिरे रिकामी होत होती. ३६३ मध्ये इराणच्या मोहिमेत जुलियन मारला गेला आणि पुनरुज्जीवनाचा प्रयत्न संपला. देव दूर जात असताना माणसाने काय करावे, हा प्रश्न त्या पिढीसाठी आकाशापुरता नव्हता.

२८/ पुढच्याच वर्षी, ३६४ मध्ये, सम्राट व्हॅलेन्टिनियनने रात्रीच्या यज्ञविधींवर बंदी घातली. ग्रीसचा राज्यपाल प्रेटेक्स्टाटस याने सम्राटाला विनवले : हा कायदा लागू केला तर ग्रीकांना जगणे जगण्यासारखे राहणार नाही. इतिहासकार झोसिमस सांगतो की, सम्राटाने ही विनंती मानली आणि विधी पूर्वीप्रमाणे चालू राहिले. ही सवलत सुमारे तीस वर्षे टिकली. ३९१-३९२ मध्ये थिओडोसियसच्या आज्ञांनी मंदिरपूजा बंद झाली आणि ३९६ मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने एल्युसिस उद्ध्वस्त केले.

२९/ मंदिर गेले, पण गावाने पेरणी सोडली नाही. १८०१ मध्ये एडवर्ड क्लार्क हा इंग्रज प्रवासी एल्युसिसला आला तेव्हा मस्तकावर करंडा घेतलेल्या स्त्रीचा एक भग्न संगमरवरी पुतळा खळ्याजवळ शेणखताच्या ढिगात गळ्यापर्यंत रुतलेला होता. ख्रिस्ती असलेले गावकरी त्याच्यापुढे दिवा लावत. शेते पिकतात ती हिच्यामुळे, अशी त्यांची श्रद्धा होती. क्लार्कने पुतळा न्यायचे ठरवले. गावाच्या धर्मगुरूने पहिली कुदळ मारेपर्यंत कोणी हात लावेना. पुतळा नेणारे जहाज बुडेल, असे लोक म्हणाले. ते इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ, बीची हेडपाशी खरोखरच बुडाले. पुतळा मात्र वाचला. आज तो केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे.

३०/ क्लार्कला तो डीमीटरचा पुतळा वाटला होता. प्रत्यक्षात ती पवित्र वस्तूंचा करंडा वाहणारी सेविका, प्रवेशद्वाराच्या सजावटीचा भाग. तिची जोडीदारीण एल्युसिसच्या संग्रहालयात आहे. गावकऱ्यांना देवीचे नाव, कथा, दीक्षा यांतले काहीच आठवत नव्हते. पुतळा आणि पीक यांचे नाते तेवढे चौदा शतके टिकले होते.

३१/ आता ‘मॅबन’कडे पुन्हा पाहता येईल. हे नाव पन्नास वर्षांचे आहे आणि वेल्श कथेचा संपाताशी संबंध नाही, हे खरे. पण पर्सेफनीच्या कथेकडे ओढले जाऊन केलीने हे नाव शोधले, तेव्हा नकळत तो जुलियन आणि सॅलुस्टियस यांच्याच वाटेने चालत होता. तिघेही तुटलेल्या परंपरेच्या कडेवर उभे राहून आकाशातील एका दिवसाला जुन्या कथेशी जोडत होते. ऑस्ट्रेलियातील नवपेगन तर हा सण मार्चमध्ये करतात, कारण तिकडचा शरद तेव्हा येतो. सण नवा असण्यात कमीपणा नाही. त्याचे वय खोटे सांगण्यात आहे.

३२/ एल्युसिस आज एलेफ्सिना या नावाचे, कारखाने आणि तेलशुद्धीकरण प्रकल्पांचे शहर आहे. प्राचीन अवशेषांच्या वरच्या टेकाडावर एक लहान चर्च आहे : ‘पानागिया मेसोस्पोरितिसा’, म्हणजे निम्म्या पेरणीची माता मेरी. नोव्हेंबरच्या २१ तारखेला, पेरणी अर्ध्यावर आली असता, तिचा सण असतो. आसपासच्या बायका गहू, डाळी आणि कडधान्ये एकत्र उकडून आणि भाकरी घेऊन वर चढतात. धर्मगुरू त्यांवर आशीर्वाद उच्चारतो आणि ते धान्य सगळ्यांना वाटले जाते. खाली, काही पावलांवर, ज्या दालनात कणीस दाखवले जाई त्याच्या खांबांचे तळखडे उघड्यावर पडलेले असतात.

(समाप्त)